हाडांची वाट आतड्यातून

डिसेंबरच्या २२ तारखेला, सूर्य डोक्यावर येण्याच्या वेळी, नागपुरातल्या कोणत्याही शाळेच्या पटांगणात एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करून पाहावी. तिची सावली जवळजवळ एक मीटरच भरते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही इथला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो. मेच्या अखेरच्या आठवड्यात तर एका दुपारी झिरो माइलच्या दगडी खांबाची सावली त्याच्या पायाशीच गडप होते. हीच काठी २२ डिसेंबरला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात उभी केली, तर सावली पाच मीटरांहून लांब पडेल. अर्थात तिथे त्या दिवशी सूर्य दिसला तर!

सावली मोजण्याचा हा खटाटोप कशासाठी? सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांपैकी ठरावीक तरंगलांबीचे किरण आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतात. सूर्य तिरपा असला की या किरणांना वातावरणातून फार लांबचा प्रवास करावा लागतो आणि ते वाटेतच शोषले जातात. म्हणून एक ढोबळ नियम सांगतात: आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल, तेव्हाचे ऊन ड जीवनसत्त्वाच्या कामाचे. या नियमाने नागपूरकरांना बाराही महिने कामाचे ऊन मिळते. ग्लासगोत हिवाळ्याचे कित्येक महिने ते मिळतच नाही.

मग आपल्याकडे हाडे कमजोर होण्याचे कारणच उरत नाही, असे वाटेल. पण तसे नाही. आपल्या उन्हाच्या देशातही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. याचे एक कारण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नाशिक शहरात सापडले: ऊन अंगणात असते आणि माणूस माजघरात. दुसरे कारण समजायला मात्र बराच काळ जावा लागला. ऊन अंगावर पडले, ताटात दूध-भाकरी आली, तरी कॅल्शियमला हाडापर्यंत पोचण्यासाठी एकच वाट आहे, ती आतड्याची. ती वाट आजाराने खराब झाली, तर हाडांची उपासमार सुरू होते. आतडे दुखते आणि हाड झिजते, हे कसे, याचाच हा इतिहास आहे.

नाशिकचा पुरावा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुडदूस हा युरोपातल्या औद्योगिक शहरांचा शाप होता. धुराने काळवंडलेल्या अरुंद गल्ल्यांत वाढणाऱ्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत, मनगटे सुजल्यासारखी जाड होत, छातीचा पिंजरा पुढे येई. कारण काय, यावर डॉक्टरांचे दोन तट पडले होते. ग्लासगोचे लेनर्ड फिंडले म्हणत, कोंडून राहणे हे कारण. १९०८ मध्ये त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांना कोंडून ठेवून मुडदूस होतो असे दाखवले होते. लंडनचे एडवर्ड मेलनबी म्हणत, आहारात काहीतरी कमी पडते. १९१८-१९ च्या सुमारास त्यांनी घरात ठेवलेल्या पिल्लांना ओटच्या लापशीसारख्या आहारावर वाढवून मुडदूस घडवून आणला आणि कॉडलिव्हर तेलाने तो टाळूनही दाखवला.

प्रयोग दोघांचेही खरे होते. मग चूक कोणाची?

या वादात एक महत्त्वाची साक्ष नाशिकहून आली. हचिसन नावाच्या डॉक्टरांनी पटेल आणि शहा या आपल्या सहकाऱ्यांसह तिथल्या कुटुंबांची पाहणी केली आणि १९२१ व १९२२ मध्ये ती ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. त्यांना दिसले ते त्या काळच्या समजुतीच्या अगदी उलट होते. खायला-प्यायला चांगले असलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या घरांत, मग ती मुसलमानांची असोत की वरच्या जातीच्या हिंदूंची, मुडदूस वारंवार आढळत होता. लहान मुलांना तो होताच, शिवाय वयात येऊन पडद्याआड गेलेल्या मुलींनाही होत होता. याला ते ‘उशिराचा मुडदूस’ म्हणत. याउलट दिवसभर उन्हात राबणाऱ्या, दोन वेळची भ्रांत असलेल्या गरिबांच्या मुलांमध्ये तो जवळजवळ नव्हताच.

मुडदूस म्हणजे गरिबीचा आणि निकृष्ट अन्नाचा रोग, ही कल्पना इथे कोलमडली. नाशिकच्या पटांगणात ज्याला ताटात कमी होते त्याची हाडे सरळ होती. ज्याला ताटात सारे होते, पण उन्हाला मज्जाव होता, त्याची वाकत होती.

हा प्रश्न केवळ वाकड्या पायांचा नव्हता. उशिराच्या मुडदुसात मुलींच्या कमरेची हाडे मऊ होऊन जन्ममार्ग अरुंद होई आणि पहिल्याच बाळंतपणात आई किंवा बाळ, कधी दोघेही दगावत. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले. पुढे डॉ. डॅगमार कर्जेल विल्सन यांनी कांगडा खोऱ्यात हाडे मऊ होण्याच्या या विकाराचा सविस्तर अभ्यास केला.

दोन वाटा, एक पदार्थ

फिंडले आणि मेलनबी यांच्या वादाचा निकाल मोठा गमतीचा लागला. दोघेही बरोबर ठरले! १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरे केले. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड हेस आणि उंगर यांनी नुसत्या सूर्यप्रकाशाने तेच साधले. १९२२ मध्ये अमेरिकेतच एल्मर मॅकॉलम यांनी दाखवले, की कॉडलिव्हर तेलातला अ जीवनसत्त्वाचा गुण नाहीसा केला तरी मुडदूस बरा करण्याचा गुण शिल्लक राहतो. म्हणजे हा पदार्थ वेगळा. अ, ब, क ही अक्षरे आधीच वापरली गेली होती. याच्या वाट्याला ‘ड’ आले.

तेलातून येणारा आणि उन्हाने त्वचेत तयार होणारा, असा हा एकच पदार्थ होता. फिंडलेंची पिल्ले उन्हावाचून आजारी पडली, मेलनबींची पिल्ले घरात असूनही तेलाने वाचली. नाशिकच्या पडद्यातल्या मुलींना ऊनही नव्हते आणि माशाचे तेलही नव्हते.

दार कुठे आहे?

मात्र एक प्रश्न अजून शिल्लक होता. ड जीवनसत्त्व नेमके करते काय? ते थेट हाडात जाऊन गवंड्यासारखे कॅल्शियम बसवते, असे कोणाला वाटेल. पण डॉक्टरांसमोर काही कोडी होती. १९२७ मध्ये बर्मिंगहॅमच्या लेनर्ड पार्सन्स यांनी अशा मुलांचे वर्णन केले, ज्यांना ‘सीलिॲक’ हा आतड्याचा जुनाट आजार होता आणि जोडीला मुडदूसही होता. आतडे बिघडले आणि हाडे मऊ झाली. हे दोन आजार योगायोगाने एका घरी आले होते, की एकाने दुसऱ्याला आणले होते?

उत्तराची दिशा १९३७ मध्ये नॉर्वेतून मिळाली. ओस्लोच्या राग्नार निकोलायसन यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की ड जीवनसत्त्वाचे मोठे काम आतड्यात चालते. ते नसेल तर अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शिरतच नाही. आजच्या हिशोबात सांगायचे तर ड जीवनसत्त्वाची कमतरता असताना अन्नातले जेमतेम १० ते १५ टक्के कॅल्शियम शोषले जाते. ते पुरेसे असेल तर ३० ते ४० टक्के.

निकोलायसन यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. ज्या प्राण्यांना आधी कॅल्शियम कमी दिले होते, त्यांचे आतडे नंतर अधिक कॅल्शियम ओढून घेई. म्हणजे हाडांची गरज आतड्याला कळत होती. पण निरोप पोचवतो कोण? हे कोडे सुटायला १९७० उजाडले. त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलते. तिथून ते संप्रेरक बनून बाहेर पडते. रक्तातले कॅल्शियम थोडेसे जरी कमी झाले तरी गळ्यातल्या परावटू ग्रंथी मूत्रपिंडाला निरोप देतात, मूत्रपिंड ते संप्रेरक बनवते आणि संप्रेरक आतड्याला सांगते, ‘दार उघड!’

दार उघडूनही काही मिळाले नाही तर? रक्तातले कॅल्शियम ठरलेल्या पातळीखाली जाऊन चालत नाही. हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्यावर अवलंबून असते. मग परावटू ग्रंथी हाडातून कॅल्शियम काढून घेतात. प्रौढ माणसाच्या अंगातल्या सुमारे एक किलो कॅल्शियमपैकी ९९ टक्के हाडांत असते. हाड ही शरीराची पेव आहे म्हणा ना! पीक घरी आले नाही की पेवातले धान्य उपसायचे. एखादा हंगाम ते चालते. वर्षानुवर्षे उपसत राहिले, तर पेव रिकामे होते.

एक खटला आणि चौदा रुग्ण

आता आतड्याच्या ज्या आजारांमुळे हे उपसणे वर्षानुवर्षे चालते, त्यांच्याकडे वळू. आतड्याचे दाहक विकार मुख्यतः दोन: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोनचा आजार. दोन्हींत शरीराची संरक्षक यंत्रणा आतड्याच्या अस्तरातच पेटून उठते. जंतू हटवण्यासाठी जो दाह चार दिवस असायचा, तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. पोटदुखी, जुलाब, शौचावाटे रक्त, ताप, वजन घटणे ही लक्षणे कधी उफाळतात, कधी शमतात.

पहिल्या नावाचा इतिहास एका खटल्यापाशी जातो. १८५९ मध्ये लंडनच्या इझाबेला बँक्स या स्त्रीचा जुलाबांनी मृत्यू झाला आणि तिच्या पतीवर, डॉ. स्मेथर्स्टवर, सोमल घातल्याचा आरोप आला. शवाची तपासणी करणाऱ्यांत सॅम्युएल विल्क्स होते. आतड्यावरचे व्रण विषाचे नसून आजाराचे आहेत, असे त्यांनी नोंदवले. पुढे ज्या तपासणीत सोमल सापडला होता, त्या तपासणीसाठी वापरलेल्या तांब्यातच सोमल होता असे उघड झाले आणि फाशीची शिक्षा झालेला स्मेथर्स्ट वाचला. विल्क्स यांच्या त्या टिपणापासून अल्सरेटिव्ह कोलायटिसची नोंद धरतात. गंमत अशी, की आजच्या तज्ज्ञांना तो रुग्ण दुसऱ्याच, म्हणजे क्रोनच्या आजाराचा असावा असे वाटते!

त्या दुसऱ्या आजाराला नाव मिळाले १९३२ मध्ये. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. सर्वांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे शेषांत्र, सुजून जाड झाला होता. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेली आणि पहिले नाव आजाराला चिकटले. खरे तर ग्लासगोच्या केनेडी डॅलझिल यांनी १९१३ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते आणि ही दुखणी क्षयासारखी दिसली तरी क्षयाची नाहीत, असे म्हटले होते.

आपल्यासाठी डॅलझिल यांचे ते वाक्य फार मोलाचे आहे. आपल्याकडे आतड्याचा क्षय आजही आढळतो आणि तो बहुतेकदा शेषांत्राच्या टोकाशीच बसतो. दोन आजारांची लक्षणे, दुर्बिणीतून दिसणारे चित्र, कधीकधी सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडाही सारखाच भासतो. म्हणून क्रोनच्या अनेक रुग्णांना आधी काही महिने क्षयाची औषधे मिळतात. उलट चूक तर अधिक घातक. क्षय असताना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली तर क्षय भडकतो. डॉक्टर सावधपणे पावले टाकतात ते उगीच नव्हे. पण या निदानात जाणारे महिने वाढीच्या वयातल्या मुलाच्या हाडांना महाग पडतात.

हे आजार पाश्चात्त्यांचे, आपल्याकडे दुर्मीळ, अशी समजूत बरीच वर्षे होती. २००३ मध्ये पंजाबातल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण दर लाख लोकांत सुमारे ४४ आढळले आणि ती समजूत मागे पडली.

आतड्यातला साबण

क्रोनच्या आजारात हाडांचे नुकसान कसे होते, याचा एक भाग शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येतो. चुन्याच्या निवळीत साबणाचे पाणी मिसळा. फेस होण्याऐवजी पांढरा साका तयार होतो. साबणातली मेदाम्ले कॅल्शियमशी जोडली जाऊन न विरघळणारा कॅल्शियमचा साबण बनतो. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचे कारणही हेच.

आता आतड्याकडे पाहा. स्निग्ध पदार्थ पचायला पित्तरसातले क्षार लागतात. शरीर हे क्षार टाकून देत नाही. शेषांत्राच्या टोकाशी ते परत शोषून यकृताकडे धाडते आणि पुन्हा वापरते. क्रोनच्या आजारात नेमका हाच भाग सुजतो, किंवा शस्त्रक्रियेत काढावा लागतो. मग पित्तक्षार वाया जातात, स्निग्ध पदार्थ अर्धवट पचतात आणि आतड्यात साचलेली मेदाम्ले अन्नातले कॅल्शियम धरून त्याचा साबण करतात. तो शौचावाटे निघून जातो. ड जीवनसत्त्व स्वतः मेदात विरघळणारे, तेही याच वाटेने जाते. म्हणजे पाहुणाही परत आणि दार उघडणाराही परत!

याची आणखी एक तऱ्हा पाहण्यासारखी आहे. एरवी भाज्यांतले ऑक्झॅलेट आतड्यात कॅल्शियमशी जोडले जाऊन बाहेर पडते. कॅल्शियम मेदाम्लांनी अडवले, की मोकळे ऑक्झॅलेट मोठ्या आतड्यातून रक्तात जाते आणि मूत्रपिंडात खडे करते. हाडात कॅल्शियम नाही आणि मूत्रपिंडात कॅल्शियमचा खडा, असा उफराटा न्याय इथे दिसतो.

त्यात भर पडते ती खाण्यावरच्या बंधनांची. पोट बिघडते म्हणून घरचे लोक आधी दूध बंद करतात, मग डाळ, मग भाज्या. काही रुग्णांना दूध खरोखर सोसत नाही. पण पुष्कळांचे विनाकारण सुटते आणि त्याची भरपाई कोणी करत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. दही, तीळ, राजगिरा हेही चांगले स्रोत आहेत. काय सोसते हे प्रत्येक रुग्णाचे वेगळे. ते डॉक्टरांना विचारून ठरवायचे असते.

औषधाची किंमत

इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारेल, की अल्सरेटिव्ह कोलायटिस तर फक्त मोठ्या आतड्याला होतो. कॅल्शियमचे शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते. मग त्या रुग्णांची हाडे का ठिसूळ व्हावीत? प्रश्न अचूक आहे आणि त्याचे एक उत्तर औषधांच्या इतिहासात आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेदुखीने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दाह विझवणारे औषध हाती आल्यावर ते आतड्यावर वापरून पाहणे ओघानेच आले. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रुग्णांचे दोन गट करून एकाला कॉर्टिसोन आणि दुसऱ्याला औषध नसलेला सारखा दिसणारा पदार्थ दिला. १९५५ मध्ये निकाल आला: सहा आठवड्यांत कॉर्टिसोनच्या गटातले सुमारे ४१ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, दुसऱ्या गटातले १६ टक्के. जो आजार तीव्र झाला की जीव घेई, त्यावर आता इलाज होता.

पण याची किंमत आधीच लिहून ठेवलेली होती. ज्या १९३२ साली क्रोन यांचा लेख आला, त्याच साली बोस्टनचे हार्वी कुशिंग यांनी एका वेगळ्या आजाराचे वर्णन केले होते. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले, आणि हाडे इतकी नाजूक की मणके दबून पाठीला बाक येई. पुढे कळले, की अधिवृक्क ग्रंथींच्या अशाच संप्रेरकाचा हा अतिरेक होता. म्हणजे जे औषध म्हणून द्यायचे, त्याच्या अतिरेकाने हाडे मोडतात हे निसर्गाने दाखवून ठेवले होते. स्टेरॉइडे हाड बांधणाऱ्या पेशींना मंद करतात, आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटवतात, लघवीवाटे ते अधिक जाऊ देतात. आणि हाडांची सर्वाधिक झीज पहिल्या काही महिन्यांतच होते.

म्हणून स्टेरॉइडे वाईट, असा निष्कर्ष मात्र काढू नये. ती जीव वाचवतात. आणि काही आठवडे घेतल्यावर ती एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. कारण बाहेरून संप्रेरक मिळत असताना शरीराच्या ग्रंथी आपले काम बंद करून बसलेल्या असतात. धडा एवढाच, की मात्रा आणि मुदत कमीत कमी ठेवायची आणि जोडीने हाडांची काळजी घ्यायची.

दाहाचा हात

तरीही हिशोब पुरता जुळत नव्हता. १९९० नंतरच्या दशकात असे रुग्ण दिसू लागले, ज्यांची हाडे निदानाच्याच वेळी, स्टेरॉइडाची एकही गोळी घेण्यापूर्वी, विरळ झाली होती. तेव्हा दोष औषधाचा नव्हता.

हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात दोन प्रकारच्या पेशी अखंड कामात असतात. अस्थिभंजक पेशी जुने हाड खणतात, अस्थिजनक पेशी नवे रचतात. १९९७-९८ मध्ये खणणाऱ्यांना कामाला लावणारा रेणू आणि त्याला आवरणारा रेणू, असे दोन्ही सापडले. पहिल्याचे नाव रँकल, दुसऱ्याचे ऑस्टिओप्रोटेजेरिन. १९९९ मध्ये समजले, की दाहाच्या वेळी चेतलेल्या पांढऱ्या पेशी, टी-पेशी, स्वतःच रँकल तयार करतात. कोडे उलगडले! आतड्यात पेटलेल्या दाहाचे रासायनिक निरोप रक्तातून हाडापर्यंत जातात आणि तिथे खणणारे हात वाढवतात. मग मोठ्या आतड्याचा आजार असो की लहान, हाड त्यातून सुटत नाही. म्हणूनच दाह पूर्ण शमवणे हाच हाडांचा पहिला उपचार ठरतो. १९९८ मध्ये दाहाच्या अशाच एका निरोप्याला अडवणारे पहिले औषध क्रोनच्या आजारासाठी अमेरिकेत मंजूर झाले, तेव्हापासून स्टेरॉइडांवरची भिस्त कमी करण्याची वाट मोकळी झाली.

हाडांची झीज दिसत नाही, दुखतही नाही, मोडल्यावरच कळते. साध्या क्ष-किरण चित्रात ती बरीच झाल्याशिवाय ओळखू येत नाही. १९८७ पासून दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरून हाडांची घनता मोजणारी यंत्रे मिळू लागली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठिसूळपणाची व्याख्या आकड्यांत बांधली. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आतड्याचे दाहक विकार असलेल्यांची हाडे मोडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळले. घाबरून जावे असा हा आकडा नाही. पण दुर्लक्ष करावे असाही नाही.

शाळेचा संबंध

या सगळ्यात शिक्षकाचे काम काय? पुष्कळ आहे. आतड्याचे दाहक विकार बहुधा तरुण वयात सुरू होतात. काहींना ते शालेय वयातच गाठतात. आणि हेच हाडांच्या कमाईचे वय असते. उंची झपाट्याने वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांत प्रौढ हाडांतल्या खनिजांचा जवळपास चौथा हिस्सा जमा होतो. विशीपर्यंत बहुतेक पेव भरून झालेले असते. ही दोन वर्षे आजारात गेली, तर तो तोटा पुढे पुरा भरून निघेलच असे नाही.

ज्या मुलाची उंची वर्षभर वाढलीच नाही, वजन घटले, जो तासाला दोनदा शौचाला जाण्याची परवानगी मागतो आणि लाजेने कारण सांगत नाही, जो खेळाच्या तासाला भिंतीशी बसून राहतो, तो कामचुकार असेलच असे नाही. निदान करणे आपले काम नव्हे. कारणे इतरही असू शकतात. पण शाळेच्या आरोग्यपत्रकातले उंची-वजनाचे रकाने नुसते भरून न ठेवता मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहणे, पालकांना डॉक्टरांकडे जायला सांगणे, आणि त्या मुलाला न विचारता बाहेर जाण्याची मुभा देणे, एवढे आपल्या हातात आहे. शाळेचे शौचालय स्वच्छ आणि उघडे असणे हाही त्याच्या उपचाराचा भाग आहे. अनेक मुले, विशेषतः मुली, शौचालयाच्या भीतीने दिवसभर खातच नाहीत.

आणि निरोगी मुलांचे काय? नाशिकचा पडदा आता वेगळ्या रूपात आला आहे. सकाळची शाळा, दुपारची शिकवणी, संध्याकाळचा पडदा टीव्हीचा किंवा फोनचा. नागपूरच्या उन्हाळ्यात चेहऱ्याला ओढणी गुंडाळून गाडीवर जाणाऱ्या मुलींना दोष देता येणार नाही. मेमधल्या दुपारच्या उन्हात कोणालाही उभे करू नये. पण बाकीचे महिने आहेत. हिवाळ्यात खेळाचा तास रद्द करून तिथे गणिताचा जादा तास घेतला जातो, तेव्हा आपण मुलांच्या पेवातून एक पसा धान्य काढून घेत असतो.

नाशिकच्या त्या डॉक्टरांपाशी घनता मोजण्याचे यंत्र नव्हते, ड जीवनसत्त्वाचे नावही त्यांच्या संशोधनाच्या वेळी रूढ नव्हते. त्यांनी घरोघरच्या मुलांकडे नीट पाहिले आणि कोण उन्हात असते, कोण नसते, हे लिहून ठेवले. शिक्षकाला तर मुले रोज समोर दिसतात. २२ डिसेंबरला काठीची सावली मोजायला वर्ग बाहेर काढाल, तेव्हा मुलांच्या उंचीही त्याच दिवशी मोजून घ्या, आणि पुढच्या वर्षीच्या २२ डिसेंबरसाठी वही जपून ठेवा.